पुण्याची मंडई आणि जोतीरावांचा प्रश्न



परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत कंटाळवाणे काम. पण त्यातही अधूनमधून एखादे वाक्य असे भेटते की तांबडी पेन्सिल जागच्या जागी थांबते. मागे एकदा एका विद्यार्थ्याने महात्मा फुल्यांविषयी लिहिताना असे लिहिले होते : "महात्मा फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व मंडई बांधली." मी हसलो आणि वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर काट मारली. मग वाटले, यात त्या पोराचा दोष तो काय? तो तालुक्याच्या गावाहून आलेला. पुण्यात उतरल्यावर त्याने मोठी दगडी इमारत पाहिली, तिच्यावर 'महात्मा फुले मंडई' असे नाव वाचले, आणि ज्याचे नाव त्यानेच बांधली असणार असा हिशेब केला. आपण सगळेच असे हिशेब करतो. एका पाहुण्यांनी तर मला याहून सोपा उलगडा सांगितला होता. ते म्हणाले, "अहो, तिथं फुलं मिळतात ना, म्हणून फुले मंडई!"

खरी हकीकत या दोन्हींहून वेगळी आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. जोतीरावांनी ही मंडई बांधली नाही. उलट ती बांधण्याचे घाटत होते तेव्हा नगरपालिकेत तिला विरोध करणाऱ्या मोजक्या माणसांत ते होते. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिलाच पुढे त्यांचे नाव मिळाले. हे कसे घडले, आणि त्या विरोधात तुम्हाआम्हाला आज उपयोगी पडणारे काय आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम ज्यांनी मंडई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. शुक्रवार पेठेत, पुण्याच्या अगदी मध्यावर, ही इमारत उभी आहे. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना निघालेले आठ लांबलचक पाखे. पोरांना समजावून द्यायचे असेल तर बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणायला सांगावे. मधला तुंबा म्हणजे मनोरा, आणि त्यातून निघालेले आरे म्हणजे हे पाखे. बांधणी दगडी, कमानी टोकदार, छपरे उतरती. विलायतेत देवळांसाठी आणि मोठ्या सार्वजनिक इमारतींसाठी जी 'गॉथिक' म्हणून धाटणी वापरीत, ती इथे भाजीबाजाराला लावलेली आहे. आत शिरले की दोन्ही अंगांना गाळे आणि उंच ओटे. ओट्यावर भाजीचे ढीग रचलेले, आणि ढिगामागे वर बसलेली मालकीण. गिऱ्हाईक खाली उभे राहून मान वर करून भाव विचारते. दुसऱ्या कुठल्या धंद्यात विकणाऱ्याचे आसन गिऱ्हाइकापेक्षा असे उंच असलेले मी पाहिलेले नाही.

अशी रचना का केली असेल? भाजीपाला हा नाशवंत माल. कोंदट जागेत तो लवकर सडतो, उघड्यावर उन्हाने सुकतो आणि पावसाने कुजतो. त्याला सावली हवी, पण वारा खेळता हवा. एकच मोठा चौकोनी वाडा बांधला तर मधल्या भागात ना उजेड ना वारा. तीच जागा लांब आणि अरुंद पाख्यांत वाटून दिली, तर प्रत्येक पाख्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. दोन पाख्यांमधल्या मोकळ्या जागेत माल उतरवता येतो. आणि सगळ्या वाटा मध्यावर मिळत असल्यामुळे, मनोऱ्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाची नजर प्रत्येक पाख्यात पोचते. दिसायला शोभिवंत असलेली ही इमारत अशी कामाच्या हिशेबानेही आखलेली आहे, हे विसरू नये.

आता मंडईच्या आधीचा काळ. पेशवाई १८१८ साली संपली. शनिवारवाड्याची आतली वास्तू १८२८ च्या आगीत जळून गेली. त्या वाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात पुण्याचा भाजीबाजार भरत असे. आसपासच्या गावांहून माळी आणि कुणबी डोक्यावर पाट्या घेऊन, बैलांवर नाहीतर गाडीत माळवे लादून येत आणि जमिनीवर पाल टाकून बसत. पावसाळ्यात त्या ठिकाणी काय चिखल होत असेल, हे खेड्यातल्या बाजाराची सवय असलेल्यांना मी सांगायला नको. पालेभाजी, चिखल आणि मोकाट गुरे यांचा मेळ एका मैदानात जमला म्हणजे रोगराईला आमंत्रण द्यावे लागत नाही. म्हणून शहराला बांधीव मंडई हवी, असे म्हणणारे लोक काही वेडगळ नव्हते. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होतेच. मुंबईला आहे ते पुण्याला का नसावे, असे पुण्याच्या कारभाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते.

हे कारभारी कोण, तेही पाहिले पाहिजे. पुण्याची नगरपालिका १८५७ च्या सुमारास सुरू झाली. आजच्यासारखी घरोघर मते मागण्याची पद्धत त्या वेळी नव्हती. सभासद सरकार नेमीत असे. त्यांत सरकारी अधिकारी असत, सरदार आणि सावकार असत, इंग्रजी शिकलेले प्रतिष्ठित नागरिक असत. पैसा मात्र सर्वांकडून गोळा होई. गावाच्या वेशीवर माल आला की त्यावर जकात बसे. म्हणजे ज्याने कधी नगरपालिकेची पायरी पाहिली नाही, त्या शेतकऱ्याच्या पाटीतूनही तिच्या तिजोरीत काही पडत असे.

अशा या सभेत १८७६ साली सरकारने जोतीराव गोविंदराव फुले यांची नेमणूक केली. १८८२ पर्यंत ते सभासद होते. जोतीराव हे शाळा काढणारे सुधारक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक, हे आपण सारे जाणतो. पण ते धंदेवाईक गृहस्थही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, बांधकामाला लागणारा माल पुरवला, शेती केली. दगड, चुना आणि मजुरी यांचे हिशेब त्यांना घरच्यासारखे माहीत होते. तेव्हा त्यांनी मंडईला विरोध केला तो बांधकामातले काही कळत नव्हते म्हणून नव्हे. उलट लाखाच्या घरातला खर्च म्हणजे नेमके काय, हे त्या सभेत त्यांच्याइतके थोड्यांनाच कळत असेल.

त्यांचा स्वभाव समजण्यासाठी एक आधीचा प्रसंग सांगतो. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव नगरपालिकेपुढे आला. व्हाइसरॉय म्हणजे राणीचा प्रतिनिधी. सभासद सरकारने नेमलेले. तेव्हा नाही म्हणणार कोण? जोतीराव म्हणाले. हा पैसा कर देणाऱ्यांचा आहे, तो शोभेत घालवण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, अशी त्यांची भूमिका होती. बत्तीस सभासदांच्या त्या सभेत विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मंडईचा प्रश्न आला तेव्हाही त्यांनी हेच माप लावले. या वेळी त्यांच्या बाजूला हरि रावजी चिपळूणकर हे त्यांचे स्नेही होते. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे की एवढा मोठा पैसा भव्य इमारतीत घालण्याआधी शहरातल्या गोरगरिबांच्या शिक्षणाची सोय करा.

हे म्हणणे जोतीरावांनी केवळ सभेत वाद घालण्यासाठी काढले नव्हते. त्याच काळात, १८८२ साली, शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर आयोग नेमला. त्या आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, अशी तक्रार त्यांनी त्यात मांडली. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. याच सुमारास ते 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहीत होते. शहरात माल विकायला आलेल्या शेतकऱ्याला जकात आणि दलाली कशी पिळून काढते, हेही त्यात आहे. म्हणजे मंडईचा ठराव वाचताना जोतीरावांच्या डोळ्यांपुढे दोन माणसे होती असे म्हणायला हरकत नाही. एक, माळव्याची पाटी घेऊन वेशीत शिरणारा शेतकरी; दुसरा, शाळेचे तोंड न पाहिलेला त्याचा मुलगा. पाटीवर कर बसतो, त्या पैशातून मुलाला काय मिळते? हा त्यांचा प्रश्न होता.

मत मोजले गेले आणि मंडई व्हायचे ठरले. शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेत काम सुरू झाले. आराखडा वॉल्टर ड्युकॅट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा, आणि बांधकामाचे कंत्राट वासुदेव बापूजी कानिटकर या पुण्याच्याच नामांकित कंत्राटदाराचे. १८८६ मध्ये इमारत पुरी झाली. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते. त्यांच्या नावाने तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. मनोऱ्यात वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. खाली भाजीचा बाजार आणि वर शहराचा कारभार, असा संसार एकाच छपराखाली बरीच वर्षे चालला.

जोतीराव यानंतर फार वर्षे जगले नाहीत. १८९० च्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांचे घर गंज पेठेत, मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर. पण त्यांचा आग्रह शेवटपर्यंत सुटला नाही. १८८८ च्या मार्चमध्ये राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानासाठी पुण्यात मेजवानी झाली. यजमान होते तेच हरि रावजी चिपळूणकर. जरीच्या पगड्या आणि हिऱ्यामोत्यांच्या कंठ्या घातलेल्या पाहुण्यांत जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात, फाटके पागोटे आणि खांद्यावर घोंगडी घेऊन. तेथे त्यांनी राजपुत्राला सांगितले की, इथले दागदागिने पाहून हिंदुस्थान सुखी आहे असे समजू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, तिला शिक्षण द्या, असा निरोप राणीसाहेबांना कळवा. मंडईच्या वेळचे तेच म्हणणे त्यांनी आता थेट राजघराण्यापुढे मांडले.

इकडे मंडईने आपले बस्तान बसवले. लॉर्ड रे यांचे नाव सरकारी कागदांवर राहिले, आणि लोकांनी तिला नुसते 'मंडई' म्हटले. पुणेकर 'मंडईत जाऊन येतो' म्हणाला तर कोणती मंडई, असे कोणी विचारीत नाही. पुरंदरची अंजिरे, सीताफळे आणि मटार, आसपासच्या मळ्यांतली पालेभाजी, हे सारे इथे येई. भल्या पहाटे अडत्यांचा पुकारा सुरू होई, उजाडेतो घाऊक व्यवहार उरकून शेतकरी गाडी जुंपी, आणि मग दिवसभर किरकोळ विक्री चाले. भाजीबरोबर बातमीही येई. कुठे पाऊस पडला, कुठे टोळ आला, कोणत्या पुढाऱ्याला पकडले, हे वर्तमानपत्राआधी मंडईत कळे. इथल्या रोखठोक बोलण्याला आणि जगाच्या शहाणपणाला पुण्यात 'मंडई विद्यापीठ' असे नाव पडले. त्या विद्यापीठात फी नाही, पण चुकीचे बोललात तर शिक्षा तत्काळ होते.

मंडईच्या आसपास सार्वजनिक जीवनही वाढले. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेल्यावर त्यांचा पुतळा नगरपालिकेने मंडईपाशी उभारला. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मंडईच्या गणेशोत्सव मंडळाचा शारदा-गजानन पुण्याबाहेरही प्रसिद्ध आहे. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या मानाच्या गणपतींची विसर्जन मिरवणूक याच टिळक पुतळ्यापासून निघते. म्हणजे पुणेकरांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा आरंभ भाजीबाजाराच्या दारात होतो.

टिळकांचा पुतळा झाला, तसा जोतीरावांचाही व्हावा, असे वाटणारे लोक पुण्यात होतेच. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत तशी सूचना आणली. त्यावर शहरात मोठे रण माजले, आणि सूचना बारगळली. जोतीरावांना जाऊन पस्तीस वर्षे झाली होती, तरी त्यांच्या नावाने माणसे अजून भांडत होती. एक गोष्ट या ठिकाणी शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. टिळक आणि फुले यांची मते पुष्कळ बाबतींत जुळत नव्हती. पण १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी खटपट करणारे जोतीराव होते. त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीन राहिले. मोठी माणसे भांडतात, पण अडचणीच्या वेळी परस्परांना ओळखतात. त्यांच्या मागून भांडणाऱ्यांना हा भाग पुष्कळदा आठवत नाही.

पुढे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आचार्य प्र. के. अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' असे ठेवण्यात आले. अत्र्यांच्या मनात जोतीरावांविषयी किती आदर होता, याची साक्ष त्यांनी पुढे १९५४ मध्ये काढलेल्या 'महात्मा फुले' या चित्रपटातही मिळते. जोतीरावांच्या समाजातल्या कितीतरी माळी कुटुंबांची पोटे ज्या बाजारावर भरत होती, त्या बाजाराला त्यांचे नाव देणे यात एक औचित्य होते. पण ज्यांनी तिला विरोध केला त्यांचेच नाव तिला मिळाले, ही गंमतही होती. पाटी बदलली. आणि पाटीवरचे नाव इतके मोठे झाले की त्यामागचा विरोध झाकला गेला. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने तसे लिहिले.

मग प्रश्न येतो की जोतीराव चुकले का? मंडई आज एकशे चाळीस वर्षांची होत आली. शहर वाढले, घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, गाड्या वाढल्या, २०२४ च्या सप्टेंबरात मंडईजवळ जमिनीखाली मेट्रोचे स्थानकही सुरू झाले. पण दगडी पाख्यांत ओट्यांवर बसून भाजी विकणे चालूच आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे त्यावर जगली. इमारत उपयोगी ठरली, हे उघड आहे. मग विरोध करणारा चुकला असे म्हणून आपण मोकळे व्हायचे काय?

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मंडईपासून थोडे चालून गेले की कळते. बुधवार पेठेत भिडे वाडा होता. याच वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. मंडई त्यानंतर अडतीस वर्षांनी आली. मंडई शाबूत राहिली. शाळेचा वाडा मात्र दुकाने आणि वाद यांच्यात सापडून मोडकळीस आला. कोर्टकचेऱ्या होऊन २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला गेला, आणि त्या जागी स्मारक करायचे ठरले. शहराने बाजाराचे दगड सांभाळले. जिथे मुलींनी पाटी हातात धरली ती माडी सांभाळली नाही. जोतीरावांचे म्हणणे मंडई नकोच असे नव्हते. आधी काय आणि मग काय, हा त्यांचा मुद्दा होता. त्या क्रमात आपले शहर कुठे उभे राहिले, हे या दोन इमारती शेजारी ठेवल्या की दिसते.

एकदा मी मंडईत भाजी घेता घेता एका ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाईंशी बोलत होतो. मी सहज म्हटले, "मावशी, ज्यांच्या नावाची ही मंडई, ते फुले मंडई बांधायच्या विरोधात होते. तुम्हांला ठाऊक आहे का?"

कोथिंबिरीवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या, "न्हवतं ठावं. का वो इरोधात?"

मी सांगितले, "एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गरिबांच्या शाळेला द्या म्हणत होते."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पैसा कुनाचा व्हता?"

मी म्हटले, "लोकांचाच. जकातीचा, कराचा."

"मग बराबर हाय की!" त्या म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत मेथीची जुडी टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तासभर व्याख्यान देऊन मी वर्गात जे सांगतो, ते त्यांनी एका प्रश्नात आटोपले.

आता एक माझ्या पदरची गोष्ट सांगून संपवतो. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या गावात प्रवेशद्वाराची कमान बांधायचे ठरले. मी गावचा शिकलेला माणूस, म्हणून सभेला मला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवले. शाळेच्या दोन खोल्या त्या वेळी गळत होत्या. पावसाळ्यात गुरुजी पोरांना देवळाच्या सभामंडपात बसवीत. हे मला ठाऊक होते. सभेत कोणीतरी मागून बोललेही की, "आधी शाळेचं छप्पर बघा की!" त्या माणसाला सगळ्यांनी हसून खाली बसवले. मी त्याच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. सत्काराचा नारळ हातात होता, आणि गावात वाईटपणा कोण घेणार? कमान झाली. चांगली देखणी झाली. देणगीदारांच्या फरशीवर माझेही नाव आहे. वर्गात जोतीरावांच्या त्या एकट्या मताची मी मोठ्या अभिमानाने गोष्ट सांगत असे. माझ्या गावात तसे मत देण्याची पाळी आली तेव्हा मी नारळ सांभाळीत बसलो. पुढे खोल्यांवर नवे पत्रे पडले, पण मधले दोन पावसाळे पोरांनी सभामंडपात काढले. ते दोन पावसाळे कमानीच्या खर्चात धरलेले नाहीत.

म्हणून शिक्षक मित्रहो, माझी तुम्हांला एक विनंती आहे. तुमच्या गावात, तालुक्यात एखादी जुनी वास्तू असेलच. वेस असेल, चावडी असेल, जुनी बाजारपेठ असेल, धर्मशाळा असेल. मुलांना तिथे घेऊन जा. कोणी बांधली आणि केव्हा बांधली, हे दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो, आणि त्यांची उत्तरे दगडावर कोरलेली सापडतात. त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न मुलांना विचारायला शिकवा. पैसा कोणाचा होता? आणि 'नको' कोण म्हणाले होते, व का? या दोन प्रश्नांची उत्तरे दगडावर नसतात. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात, जुन्या दप्तरात असतात, सभेच्या इतिवृत्तात एखाद्या ओळीत असतात. शोधायला वेळ लागतो, पण मुलांना इतिहासाची गोडी लागते ती इथेच.

आणि जे श्रोते ग्रामसभेला जातात, त्यांना एवढेच सांगतो. पुढच्या वेळी मागच्या रांगेतून कोणी उठून 'आधी शाळेचं बघा' असे म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. त्यानंतरही कमान बांधायची असे ठरले तर खुशाल बांधा. मंडईसारखी ती उपयोगीही पडेल. पण त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून ठेवा. पुण्याने आपल्या मंडईला अखेर कोणाचे नाव दिले, ते आपण आत्ताच पाहिले.